‘सेग्रिगेशन’ला विलगीकरण म्हणावं का?

रेवती_ना
शिकागोच्या १९१९च्या गोऱ्या-काळ्यांच्या दंगलीवरचा एक लांब लेख मराठीत आणते आहे. एक वाक्य मी असं केलं होतं: ‘काळ्यांना शहराच्या दक्षिणेकडच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात वेगळं ठेवलं.’ संपादकांनी ते ‘कृष्णवर्णीयांचे विलगीकरण झाले’ असं करून परत पाठवलं. मला ते वाचवेना. २०२० नंतर विलगीकरण म्हटलं की शाळेत टाकलेल्या खाटा, दारावर चिकटवलेला कागद आणि ते चौदा दिवस आठवतात. शिवाय ते ‘झाले’! पाऊस झाला, तसं. कुणी केलं? पृथक्करण म्हणावं तर प्रयोगशाळा डोळ्यांपुढे येते. काय वापरू? आणि ‘रेस्ट्रिक्टिव्ह कव्हेनंट’ला, म्हणजे काळ्यांना घर द्यायचं नाही या कागदोपत्री बंधनाला, काय म्हणू? संपादक ‘निर्बंधात्मक करारनामा’ म्हणतात.

जुनापाना
विलगीकरणात काहीही खोट नाही. मूळ लॅटिन शब्दात कळप आहे, म्हणजे कळपातून बाजूला काढणं. विलग म्हणजे लागून असलेलं सुटं करणं. इतका नेमका जुळणारा शब्द साथीत वापरला गेला म्हणून टाकून द्यायचा? असे एकेक शब्द सोडत गेलो तर शेवटी ‘सेग्रिगेशन’च लिहायची वेळ येईल. ‘झाले’ खटकत असेल तर ‘केले’ करा. दोष क्रियापदाचा आहे, नामाचा नाही.

सातबारा
ताई, बावीस वर्षं दस्त लिहितोय, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. ‘निर्बंधात्मक करारनामा’ हे कुणीही बोलत नाही. सरळ ‘खरेदीखतातली अट’ म्हणा. आमच्या मसुद्यात वाक्य ठरलेलं असतं, ‘सदरची अट लिहून घेणार व त्यांचे वालीवारस यांचेवर बंधनकारक राहील.’ यातलं ‘वालीवारस’ महत्त्वाचं. मालक बदलला तरी अट मिळकतीला चिकटून राहते. वाचकाला हे एका शब्दात कळतं.

तळटीप
सातबारा, शिकागोपुरतं हे पुरतं बरोबर नाही. तिथे बऱ्याचदा अट खरेदीखतात नसे. एका गल्लीतले घरमालक आपसात लेख, म्हणजे लेखी दस्त, करून तो नोंदवून घेत. त्याचा नमुना १९२७ साली शिकागोच्या रिअल इस्टेट बोर्डासाठी तयार झाला. काळ्या माणसाला घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, राहू द्यायचं नाही. त्याला अपवादही होता: तळघरात किंवा मागच्या गॅरेजात राहणारा झाडलोटवाला, शोफर, घरगडी. म्हणजे माणूस त्याच आवारात झोपला तर चालेल, पण नोकर म्हणून. एका प्रकरणात तर रस्त्याकडेच्या ९५ टक्के दर्शनी लांबीच्या मालकांनी सह्या केल्या तरच लेख लागू होणार होता. प्रत्यक्षात सह्या होत्या सुमारे ५४ टक्के लांबीच्या. ते भांडण १९४० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९४८ मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं की असे लेख कोर्टानं अमलात आणायचे नाहीत. तेव्हा या एका ठिकाणी संपादकांचा ‘करारनामा’ मला मान्य आहे. ‘निर्बंधात्मक’ मात्र काढा.

सातबारा
मग ‘शेजाऱ्यांचा नोंदणीकृत लेख’. करारनाम्यात दोन बाजू असतात. ज्याला बाहेर ठेवलं तो या कागदावर कुठे आहे? त्याची सही नाही आणि त्याला नोटीसही नाही.

चाफेकळी
रेवती, आपल्याकडे शब्द असताना तू शोधत का बसली आहेस? ‘गावकुसाबाहेर’. माझ्या आजीची वस्ती गावकुसाबाहेर होती. या शब्दात कुणी ठेवलं हे विचारावं लागत नाही, भिंत कुणाची ते सगळ्यांना माहीत असतं. आणि हा संबंध आपण ओढूनताणून लावत नाही आहोत. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना.

रेवती_ना
चाफेकळी, तो शब्द मी पहिल्याच दिवशी लिहिला आणि खोडला. कारण शिकागोचा ‘ब्लॅक बेल्ट’, म्हणजे काळ्यांच्या वस्तीचा तो पट्टा, शहराबाहेर नव्हता, भर शहरात होता. स्टेट स्ट्रीटच्या बाजूनं दक्षिणेकडे उतरणारी लांबट पट्टी. पश्चिमेला वेंटवर्थ अव्हेन्यू ही हद्द, पण तिथे भिंत नव्हती, साधा रस्ता होता. पलीकडे आयरिश वस्ती आणि त्याच्यापुढे कत्तलखान्याचे यार्ड. कामगाराला रोज ती हद्द ओलांडून जावं लागे. दंगलीत लोकांना मारलं ते कामावरून परतताना, ट्रॅममधून खाली ओढून. सरोवरात तराफ्यावर पोहणारा यूजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा काळा मुलगा गोऱ्यांच्या दगडफेकीत बुडाला तिथून सुरुवात झाली. एकूण ३८ मेले, त्यांत २३ काळे. मारणाऱ्यांत ‘रेगन्स कोल्ट्स’ या आयरिश तालमीची पोरं पुढे होती.

करवीरकर
‘तालीम’ नको, हात जोडून सांगतो. माझं बालपण तालमीच्या तांबड्या मातीत गेलं. तिथे वस्ताद असतो, मेहनत असते. रेगन हा काउंटीचा कमिशनर होता, पोरांना जागा आणि पैसा तो पुरवायचा, निवडणुकीत ती त्याच्या कामाला यायची. याला ‘तरुण मंडळ’ म्हणा, वाचकाला लगेच समजेल.

तळटीप
मंडळ चालेल. अशाच दुसऱ्या एका क्लबातला, हॅम्बर्ग क्लबातला, रिचर्ड डेली पुढे १९५५ पासून एकवीस वर्षं महापौर होता.

रेवती, तुझ्या मसुद्यातलं ‘स्थलांतरित’ मला जास्त सलतं. तू पोलिश, लिथुआनियन आणि मिसिसिपीहून आलेले काळे या सगळ्यांना तोच शब्द लावला आहेस. शिकागोतले काळे १९१० मध्ये ४४ हजार होते, १९२० मध्ये १ लाख ९ हजार झाले. ते परदेशातून आले नव्हते, ते त्या देशाचे नागरिक होते. कालपरवा बोटीतून उतरलेल्याला जी गल्ली मोकळी, ती यांना बंद. तोच शब्द दोघांना लावलास की अन्याय वाक्यातून निसटतो. पोलिशांना ‘परदेशातून आलेले’ म्हण आणि यांना ‘दक्षिणेतून आलेले’.

जुनापाना
हे पटलं. पण त्याच तर्कानं गावकुसाबाहेरही चालणार नाही.

चाफेकळी
मग ‘बहिष्कृत’ घ्या. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये सभेच्या नावात तोच शब्द घेतला आणि १९२७ मध्ये पाक्षिकाच्या नावातही. ज्यांना बाहेर काढलं त्यांनी स्वतः निवडलेला शब्द आहे तो.

तळटीप
इथे अडचण वेगळी आहे. त्यांच्या मतांवर बहिष्कार नव्हता, मतं हवीच होती. महापौर थॉम्पसन काळ्या वॉर्डांच्या जोरावर निवडून यायचा. १९१५ मध्ये ऑस्कर डी प्रीस्ट हा शिकागोचा पहिला काळा नगरसेवक झाला. मत घ्यायचं, यार्डात राबवून घ्यायचं, पण शेजारी घर घेऊ द्यायचं नाही. याला ‘बहिष्कृत’ पुरत नाही. रेवतीचं पहिलं ‘वेगळं ठेवलं’ मला अजूनही सगळ्यांत खरं वाटतं, कारण ‘वेगळे राहत’ आणि ‘वेगळं ठेवलं’ यांतला फरक मराठी क्रियापद स्वतःच सांगतं.

मोगरा५
मध्येच विचारते. गावकूस म्हणजे गावाची कूसच ना? आई लेकराला कुशीत घेते तसं गाव आपल्या माणसांना घेतं?

चाफेकळी
नाही! ही व्युत्पत्ती मी दहा ठिकाणी वाचली आणि दर वेळी अंगावर काटा आला. आईची कूस कुक्षीवरून. गावकुसातलं कुसू म्हणजे भिंत, गावाभोवतीचा कोट. आमच्याकडे पडक्या भिंतीलाही ‘कुसू ढासळलं’ म्हणत. त्या भिंतीला माया चिकटवू नका.

जुनापाना
कुसू नपुंसकलिंगी, कूस स्त्रीलिंगी. ‘गावकुसाबाहेर’ हे सामान्यरूप कुसूचं, कुशीचं असतं तर ‘गावकुशीबाहेर’ झालं असतं. चाफेकळींचं बरोबर आहे.

रेवती_ना
शुक्रवारी मजकूर द्यायचा आहे. मथळ्यात नाम लागतंच, तिथे ‘वेगळं ठेवलं’ बसत नाही. तिथे काय करू?

मोगरा५
आमच्या कोकणात नुसते दगड रचून केलेल्या भिंतीला गडगा म्हणतात. कुसू दगडाचं असायचं की मातीचं? आणि वेस एकच असायची?

चाफेकळी
आमच्या गावात खाली दगड आणि वर पांढरी माती. वेस एकच, पूर्वेला. आजी सांगायची, वस्तीतलं माणूस सरपण घेऊन आलं की मोळी वेशीपाशीच उतरवायची, मग आतलं कुणी येऊन ती उचलून न्यायचं.