टुआला फ्लोरेसनी खचवलं की मॅकडॅनियलनी लाडावलं? क्वार्टरबॅकला कोचने वागवायचं कसं?

पश्चिमवारा:
2024 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन फुटबॉलच्या NFL लीगमधल्या मायामी डॉल्फिन्सचा क्वार्टरबॅक (पास टाकून टीमचा हल्ला चालवणारा खेळाडू) टुआ टागोवायलोआ एका मुलाखतीत त्याच्या पहिल्या कोचबद्दल, ब्रायन फ्लोरेसबद्दल बोलला, ते डोक्यातून जात नाही म्हणून धागा काढतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की रोज सकाळी उठल्यापासून कुणी ऐकवत राहिलं की तुला हे जमत नाही, तू या जागेच्या लायकीचा नाहीस, तर शेवटी माणसाला तेच खरं वाटायला लागतं. फ्लोरेसनी 2020 मध्ये, पोराच्या पहिल्याच सीझनला, दोनदा चौथ्या, म्हणजे शेवटच्या, क्वार्टरमध्ये त्याला बाहेर बसवून दुसऱ्या क्वार्टरबॅकला, म्हाताऱ्या फिट्झपॅट्रिकला उतरवलं होतं. मग 2022 ला माइक मॅकडॅनियल कोच म्हणून आला आणि त्याने टुआच्याच चांगल्या प्लेजच्या शेकडो क्लिप्स काढून त्याला समोर बसवून दाखवल्या, की बघ, हे तूच केलंयस. 2023 ला टुआचे पासवर 4,624 यार्ड झाले, लीगमध्ये सगळ्यात जास्त. माझं मत सरळ आहे. ज्याला आपली जागा पक्की आहे की नाही हेच कळत नाहीये त्याच्यावर ओरडून काही निघत नाही, तो समोरचा डिफेन्स बघायचं सोडून साइडलाइनकडे बघायला लागतो, आणि क्वार्टरबॅकला बॉल हातात आल्यावर मिळतात जेमतेम अडीच-तीन सेकंद.

कडक_चहा:
अजिबात पटलं नाही. मॅकडॅनियल ज्या वर्षी आला त्याच वर्षी टायरीक हिल पण मायामीत आला, हे तुम्ही गाळलंत. 2023 ला एकट्या हिलचे 1,799 यार्ड आहेत. एवढा वेगवान रिसीव्हर (पास पकडणारा) मिळाला की कुणाचाही आत्मविश्वास वाढेल, त्याचं श्रेय क्लिप्सना कसलं देता? आणि पेट्रियट्सच्या बेलिचिक-ब्रेडीचं, म्हणजे तेव्हाच्या कोच-क्वार्टरबॅक जोडीचं, काय? सहा सुपर बोल (लीगच्या फायनल) सोबत जिंकले ना दोघं? बेलिचिक मीटिंगमध्ये अख्ख्या टीमसमोर ब्रेडीचा चुकलेला पास लावायचा आणि म्हणायचा की हा पास तर इथल्या फॉक्सबरो गावच्या हायस्कूलचा पोरगा पण देईल, त्याच्यासोबत खेळलेल्या कितीतरी जणांनी हे सांगितलंय. ब्रेडी खाली मान घालून ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट मेहनत करायचा. मुद्दा असा की ज्याच्यात दम असतो तो बोलणी पचवतो.

पश्चिमवारा:
हिलचा मुद्दा मान्य, त्याचा वाटा मोठाच आहे. पण ब्रेडीच्या गोष्टीची सुरुवात तुम्ही सोडून दिलीत. 2001 च्या मार्चमध्ये पेट्रियट्सनी तेव्हाच्या क्वार्टरबॅकला, ड्रू ब्लेडसोला, 10 वर्षांचा, 103 मिलियन डॉलरचा करार दिला होता. तो सप्टेंबरमध्ये जखमी झाला, ब्रेडी आत आला. ब्लेडसो बरा होऊन परत आला तेव्हा बेलिचिकनी काय केलं? एवढा महागडा खेळाडू बेंचवर बसवला आणि ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडतात तेव्हा) सहाव्या राउंडला 199 व्या नंबरवर उचललेल्या पोराला खेळवत राहिला. यापेक्षा मोठा विश्वास तोंडाने बोलून दाखवता येत नाही. ती हायस्कूलची बोलणी ब्रेडीनी ऐकून घेतली कारण आपल्याला कुणी काढणार नाही हे त्याला ठाऊक होतं. टुआला नेमकं तेच ठाऊक नव्हतं.

फिल्मरूम:
यात मॅक जोन्स पण घ्या. कोच तोच बेलिचिक, टीम तीच. 2021 ला पहिल्या राउंडचा क्वार्टरबॅक, पहिलं वर्ष चांगलं गेलं, प्लेऑफपर्यंत (बाद फेरीपर्यंत) नेलं टीमला. 2022 ला ऑफेन्स दिला मॅट पॅट्रिशियाकडे, ज्याचं नाव झालं ते डिफेन्स कोच म्हणून, आणि 2023 ला जोन्सला मॅच चालू असताना वारंवार बाहेर काढलं. पोरगं स्नॅप (प्लेच्या सुरुवातीला मागे दिलेला बॉल) घेतल्या घेतल्या पाय हलवायला लागलं, भोवतीचं पॉकेट (त्याला वाचवणाऱ्या सहकाऱ्यांचं कडं) शाबूत असताना सुद्धा मागे सरकायचं. ज्या पद्धतीने ब्रेडी घडला असं आपण म्हणतो तीच पद्धत इथे उलटली.

डेट्रॉइटकर:
क्वार्टरबॅक जॅरेड गोफवर कुणीच लिहिलं नाही अजून, म्हणून लिहितो. लॉस एंजेलिस रॅम्सला असताना तिथला कोच शॉन मॅकव्हे हेडसेटवरून शेवटपर्यंत गोफच्या कानात बोलत असायचा, प्ले क्लॉकवर (पुढचा प्ले सुरू करायच्या घड्याळावर) 15 सेकंद राहिले की तो रेडिओ आपोआप बंद होतो, तोपर्यंत. 2019 च्या सुपर बोलपर्यंत पोचले दोघं, तिथे फक्त 3 पॉइंट झाले, मग 2020 ला मॅकव्हे पत्रकारांसमोर सांगायला लागला की क्वार्टरबॅकने बॉल नीट सांभाळला पाहिजे, आणि 2021 च्या जानेवारीत गोफला आमच्याकडे, डेट्रॉइट लायन्सकडे, पाठवून दिलं, वर ड्राफ्ट पिक्स देऊन. म्हणजे न्या याला, वर हे पण घ्या. आमच्या कोचनी, डॅन कॅम्पबेलनी, त्याला उचलून धरलं, पहिल्या वर्षी तीनच मॅच जिंकलो तरी, 2022 ला 1-6 ने सुरुवात झाली तरी. 14 जानेवारी 2024, फोर्ड फील्ड, समोर मॅकव्हेचीच रॅम्स, अख्खं स्टेडियम गोफच्या नावाने ओरडतंय. शेवटी घड्याळ संपवायला फर्स्ट डाउन (ठरलेलं अंतर कापून मिळणारे नवे प्रयत्न) हवा होता आणि कॅम्पबेलनी रन न खेळता पास दिला खेळायला, गोफनी सेंट ब्राउनला 11 यार्डांचा टाकला, मॅच तिथेच संपली. 24-23. बत्तीस वर्षांनी प्लेऑफ जिंकलो. लॉकर रूममध्ये कॅम्पबेलनी गेम बॉल त्याच्या हातात दिला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की तू डेट्रॉइटला चालतोस. तो व्हिडिओ बघून रडू आलं मला.

कडक_चहा:
डेट्रॉइटकर, तुमची मॅच मीही पाहिली, भारीच होती. पण टुआवरच या परत. हाच टुआ अलाबामा विद्यापीठाच्या टीममध्ये कोच निक सेबनच्या हाताखाली होता, आणि सेबनइतका ओरडणारा कोच कॉलेज फुटबॉलमध्ये दुसरा सापडायचा नाही. 8 जानेवारी 2018 ला जॉर्जियाविरुद्ध 13-0 ने मागे असताना हाफटाइमला सेबननी पहिला क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला बसवून या पोराला आत टाकलं. ओव्हरटाइममध्ये आधी सॅक झाला (पास टाकायच्या आधीच पाडलं), सेकंड अँड 26, म्हणजे दुसरा प्रयत्न आणि 26 यार्ड हवेत, आणि पुढच्याच बॉलवर 41 यार्डांचा टचडाउन. तेव्हा कुठे खचला तो?

ह्यूस्टनची_मावशी:
कडक_चहा, अहो पण ओरडणं आणि लायकी काढणं यात फरक आहे हो. सेबनचं ओरडणं चुकीवर असायचं. आणि त्या रात्री ज्याला बसवलं त्या हर्ट्सचं पुढे काय झालं तेही लिहा की. तो टीम सोडून गेला नाही, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याच जॉर्जियाविरुद्ध टुआ जखमी झाल्यावर आत येऊन मॅच काढली त्यानी, आणि त्याच्याबद्दल बोलताना सेबनसारख्या माणसाचा गळा भरून आला होता. एवढी माया असेल तर पोरगं चार शिव्या खातं, त्याचं काही वाटत नाही त्याला.

कडक_चहा:
मावशी, फरक मान्य, पण लीगमध्ये माया कशाला बघायची, निकाल बघायचा. 2024 च्या जानेवारीत कॅन्सस सिटीला गोठवणाऱ्या थंडीत 26-7 ने हरले डॉल्फिन्स, कौतुक करणारा कोच असताना. कौतुकाने पोराला बरं वाटतं, प्लेऑफला लागतो तो कणखरपणा त्यातून येतो असं मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

ह्यूस्टनची_मावशी:
मग आमच्या गावात येऊन गोफनी काय केलं ते बघा. नोव्हेंबर 2024, टेक्सन्सविरुद्ध पाच इंटरसेप्शन, हाफटाइमला 23-7 ने मागे. तुमच्या हिशोबाने तिसऱ्यालाच बाहेर काढायला हवा होता. कॅम्पबेलनी काढला नाही, पास पण थांबवले नाहीत, आणि शेवटच्या किकवर 26-23 ने जिंकून गेले, आम्ही टेक्सन्सवाले बघत राहिलो. पाच वेळा बॉल समोरच्याच्या हातात दिल्यावर सहाव्यांदा तितक्याच हिमतीने टाकणं याला कणखरपणा नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?