'बिल ऑफ राइट्स'ला मराठीत काय म्हणायचं? विधेयक, जाहीरनामा की सनद?

वादविवाद स्पर्धेचा एक विषय मराठीत करून द्यायचा आहे: एखाद्या देशाला नव्या राष्ट्रीय 'बिल ऑफ राइट्स'ची गरज आहे का? मी 'हक्क विधेयक' लिहिलं होतं. संयोजकांपैकी एकांचं म्हणणं 'अधिकारांचा जाहीरनामा' करा. मला दोन्ही खटकतंय, पण का ते नेमकं सांगता येत नाही. शिवाय हक्क की अधिकार, हा घोळ आहेच.

* * *

जाहीरनामा नको. लगेच निवडणूक आठवते, आणि तिथलं आश्वासन पाळलं नाही म्हणून कोणी कोर्टात जात नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला तो शब्द शोभतो, कारण ती घोषणाच होती, करार नव्हता. 'सनद' लिहा आणि मोकळे व्हा.

* * *

इतक्या लवकर मोकळं होता येणार नाही.

आधी विधेयक. मराठीत विधेयक म्हणजे सभागृहापुढे असलेला, अजून कायदा न झालेला मसुदा. पण ज्याच्यावरून हे इंग्रजी नाव रूढ झालं, त्या १६८९ च्या इंग्लंडमधल्या दस्तऐवजाचं पूर्ण नाव मराठीत आणलं तर साधारण असं होतं: 'प्रजाजनांचे हक्क व स्वातंत्र्ये घोषित करणारा आणि राजगादीचा वारसा ठरवणारा अधिनियम'. म्हणजे तो पुरता कायदा आहे. तिथलं 'बिल' म्हणजे लेखी यादी. दुकानदार हातात ठेवतो त्या बिलाचं चुलत भावंड. अमेरिकेत १७९१ मध्ये जे लागू झालं तेही विधेयक नव्हे, संविधानाच्या पहिल्या दहा दुरुस्त्या.

गंमत म्हणजे एका ठिकाणी विधेयक हा शब्द चपखल बसतो. १९९८ च्या मानवी हक्क कायद्याच्या जागी आणण्यासाठी ब्रिटनच्या सरकारने २०२२ मध्ये संसदेत जे मांडलं त्याच्या इंग्रजी नावात 'बिल' दोनदा येतं. त्याला 'हक्कसनद विधेयक' म्हणावंच लागेल. २०२३ मध्ये सरकारनेच ते सोडून दिलं, त्यामुळे बिचारं कायमचं विधेयकच राहिलं.

आता हक्क आणि अधिकार. आपल्याकडे कायद्यांच्या नावांतच एकवाक्यता नाही: माहितीचा अधिकार, पण शिक्षणाचा हक्क. संविधानाच्या मराठी पाठात तिसऱ्या भागाचं नाव 'मूलभूत हक्क' आहे, हिंदीत तेच 'मूल अधिकार'. माझा कल हक्काकडे. अधिकार म्हटलं की अधिकारी येतो, अधिकारपद येतं, अधिकारवाणी येते. सत्ता वरून खाली वाहते. हक्क खालून वर मागितला जातो. 'हक्काचं घर', 'हक्काने सांगितलं' यात जी आपलेपणाची ताकद आहे ती अधिकारात नाही. बिल ऑफ राइट्समध्ये नागरिकाचे हक्क असतात आणि सरकारच्या अधिकारांना कुंपण असतं. दोन शब्द हाताशी असताना ते असे वाटून का वापरू नयेत?

'सनद' मात्र मला अर्धीच पटते. जहागिरीची सनद, वकिलीची सनद: प्रत्येक वेळी कोणीतरी वर बसलेला ती देतो, आणि देणारा काढूनही घेऊ शकतो. १२१५ ची मॅग्ना कार्टा (शब्दशः 'मोठी सनद') घ्या. जॉन राजाने सरदारांच्या दडपणाखाली ती दिली आणि दहाएक आठवड्यांत पोपकडून रद्दही करवून घेतली. उलट आपल्या अनुच्छेद १४ चं क्रियापद बघा: राज्य समानता 'नाकारणार नाही'. 'देईल' असं म्हटलेलं नाही. समानता आधीपासून तुमचीच आहे, राज्याने फक्त आडवं यायचं नाही. हा नकार सनदेत ऐकू येत नाही.

* * *

हक्क शब्द इतकाही सोवळा नाही हो. विधिमंडळात 'हक्कभंग' आणतात तो आमदारांच्या विशेषाधिकारांच्या भंगाबद्दल, नागरिकांच्या नव्हे. आणि जमिनीच्या व्यवहारात 'हक्कसोडपत्र' असतंच. हक्क सही करून सोडता येतो.

* * *

हक्कभंगाचा मुद्दा मान्य. हक्कसोडपत्राचं उदाहरण उलट कामाचं आहे: वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा सोडता येतो, पण मूलभूत हक्क सोडता येत नाही. समानतेच्या हक्काबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच तसं सांगितलंय.

* * *

(मूळ प्रश्नकर्ता) म्हणजे 'हक्कसनद' चालेल, थोडी कुरकुर करत. आणि 'नव्या राष्ट्रीय' हे तसंच ठेवू ना?

* * *

देश कोणता यावर आहे. ऑस्ट्रेलियाबद्दल बोलत असाल तर 'नवी' चूक, 'पहिली' म्हणा. व्हिक्टोरिया आणि क्वीन्सलँडसारख्या राज्यांचे मानवी हक्कांचे कायदे आहेत, पण देशपातळीवर तशी सनद नाही. तिथे सगळा वाद 'राष्ट्रीय' या शब्दावर. ब्रिटनमध्ये उलट, सगळा वाद 'नव्या'वर: जुनं काढून नवं आणलं तर संरक्षण वाढणार की घटणार?

पण विषयात एक शब्द कमी आहे असं मला वाटतं. ती संविधानात असणार की साध्या कायद्यात? कॅनडाने १९६० मध्ये साधा कायदा केला, मग १९८२ मध्ये सनद संविधानातच घातली. त्या सनदेच्या कलम ३३ मध्ये आपल्या मसुदाकारांचा लाडका 'काहीही असले तरी' आहे: तो वापरून विधिमंडळ काही हक्क एका वेळी पाच वर्षांपर्यंत बाजूला ठेवू शकतं. न्यूझीलंडचा १९९० चा कायदा साधाच; न्यायालयाने दुसऱ्या कायद्याचा अर्थ शक्यतो हक्कांशी जुळवून लावायचा, पण न जुळणारा कायदा त्या कारणाने रद्द करायचा नाही. तिन्हींना आपण सरसकट 'हक्कसनद' म्हणणार आणि मुलं व्यासपीठावर भलत्याच गोष्टींबद्दल भांडणार. 'गरज आहे' म्हणणाऱ्याच्या डोक्यात कॅनडा आणि 'नाही' म्हणणाऱ्याच्या डोक्यात न्यूझीलंड असेल तर परीक्षकांनी काय करायचं?

* * *

(मूळ प्रश्नकर्ता) पटलं. असं पाठवतो: 'ज्या देशात मूलभूत हक्कांना संविधानाचे संरक्षण नाही, त्याला संविधानात समाविष्ट अशा राष्ट्रीय हक्कसनदीची गरज आहे का?'

* * *

'हक्कसनदेची'. सनदी अधिकाऱ्यांनी घोळ घातला तुमचा.