बर्नहार्ड लँगर यांची पन्नाशीनंतरची कारकीर्द : तिचे मोल कसे करावे?

अनिमेष_वाचक

नमस्कार मंडळी. नोव्हेंबर २०२४ मध्ये जर्मनीच्या बर्नहार्ड लँगर यांनी वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी अमेरिकेतील पन्नाशी ओलांडलेल्या ज्येष्ठ गोल्फपटूंच्या दौऱ्यावरची, म्हणजे पीजीए टूर चॅम्पियन्स या स्पर्धामालिकेतली, हंगामाची अखेरची स्पर्धा जिंकली. फिनिक्सच्या मैदानावर शेवटच्या होलवर सुमारे तीस फुटांवरून मारलेला त्यांचा पट (चेंडू होलमध्ये घालण्यासाठी मारलेला हलका फटका) आत गेला आणि स्टीव्हन अल्कर व रिचर्ड ग्रीन एका फटक्याने मागे राहिले. या दौऱ्यावरचा हा त्यांचा सत्तेचाळिसावा विजय होता आणि २००७ पासून एकही हंगाम त्यांनी विजयाविना जाऊ दिला नव्हता.

मी स्वतः गोल्फ खेळत नाही, पण खेळांविषयीचे वाचन आवडीने करतो. माझ्या एका स्नेह्यांचे ठाम मत असे आहे की हा दौरा म्हणजे गाजलेल्या खेळाडूंना उतारवयात पैसे मिळत राहावेत म्हणून केलेली सोय आहे. स्पर्धा बहुधा तीनच दिवसांच्या, मधूनच बाद होण्याची धास्ती नाही, नेहमीच्या स्पर्धांत बग्गीतून फिरण्याचीही मुभा. मग अशा विजयांना ऐन उमेदीतल्या विजयांशेजारी का बसवावे, असे ते विचारतात. मला हे पटत नाही, परंतु त्यांचे म्हणणे खोडण्याइतकी माहितीही माझ्यापाशी नाही. जाणकारांनी कृपया लिहावे.

हिरवळ

आपल्या स्नेह्यांनी सांगितलेले तपशील खरे आहेत, त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र अपुरा आहे.

या दौऱ्याचा जन्म प्रेक्षकांच्या आवडीतून झाला. १९७८ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे जुन्या नामवंतांची ‘लेजंड्स ऑफ गोल्फ’ ही जोड्यांची स्पर्धा सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी रॉबेर्तो दे विसेंझो व ज्युलियस बोरोस ही जोडी टॉमी बोल्ट व आर्ट वॉल यांच्याशी बरोबरीत सुटली. त्यानंतरच्या सहा जादा होलांमध्ये दोन्ही बाजूंनी बर्डीमागून बर्डीची (ठरलेल्या फटक्यांहून एक कमी फटक्यात होल पूर्ण करण्याची) जी झुंज दिली, ती दूरचित्रवाणीवर लोकांनी अक्षरशः खिळून पाहिली. त्याच सुमारास नावाजलेले गोल्फपटू अर्नोल्ड पामर पन्नाशीला पोहोचले आणि १९८० मध्ये सीनियर दौरा रीतसर सुरू झाला.

आता सवलतींविषयी. नेहमीच्या स्पर्धा ५४ होलांच्या, म्हणजे तीन दिवसांच्या, असतात आणि साधारण ७८ खेळाडूंना प्रवेश मिळतो. मात्र ज्येष्ठांच्या पाच प्रमुख स्पर्धा ७२ होलांच्या, म्हणजे चार दिवसांच्या, असतात, आणि लँगर यांनी त्यांतल्या बारा जिंकल्या आहेत. जॅक निक्लॉस यांच्या नावावर आठ होत्या. पाचही प्रमुख स्पर्धा किमान एकदा जिंकणारे लँगर हे पहिलेच.

तीन दिवसांची स्पर्धा सोपी असते हा समजही तपासून पाहावा असा आहे. चार दिवसांत एक फेरी बिघडली तर सावरायला अवधी असतो, तीन दिवसांत तो जवळजवळ नसतो. पहिल्या दिवशी दोन-तीन फटके गमावणारा खेळाडू उरलेला सगळा वेळ पाठलागच करत राहतो. कट, म्हणजे मागे पडलेल्या खेळाडूंना मधूनच बाद करणे, नसल्यामुळे प्रत्येकाला बक्षिसाचा काही ना काही वाटा मिळतो हे खरे, पण त्यामुळे जिंकणे सोपे होत नाही.

जुना_कॅडी_मार्ग

मला वाटते, प्रश्नाचे खरे उत्तर वयाच्या आकड्यांत आहे. या दौऱ्यावर आजवर दिसलेली रीत अशी, की नवा खेळाडू पन्नाशी गाठून येतो, पहिली पाच-सहा वर्षे भरपूर जिंकतो आणि मग त्याच्यामागून येणारे, त्याच्याहून लांब फटका मारणारे ताजे पन्नाशीतले खेळाडू त्याला मागे ढकलतात. म्हणजे इथे प्रतिस्पर्धी आपल्याबरोबर म्हातारे होत नाहीत. दरवर्षी नवे, अधिक तरणे लोक येत राहतात. तीन वेळा यूएस ओपन जिंकलेल्या हेल अर्विन यांनी एकट्या १९९७ मध्ये नऊ स्पर्धा जिंकल्या आणि एकूण ४५ विजयांपर्यंत मजल मारली, पण त्यांचाही अखेरचा विजय एकसष्टाव्या वर्षीचा आहे. लँगर यांनी साठी ओलांडल्यानंतर दहाहून अधिक स्पर्धा जिंकल्या. जुलै २०२३ मध्ये विस्कॉन्सिनमधील सेंट्रीवर्ल्ड मैदानावर ज्येष्ठांची यूएस ओपन जिंकून त्यांनी अर्विन यांचा विक्रम मोडला, तेव्हा ते ६५ वर्षांचे होते. दुसऱ्या क्रमांकावर राहिलेले स्टीव्ह स्ट्रिकर हे नऊ वर्षांनी लहान, विस्कॉन्सिनचेच सुपुत्र आणि त्या हंगामात आधीच दोन प्रमुख स्पर्धा जिंकून आलेले. शेवटच्या तिन्ही होलांवर ठरलेल्यापेक्षा एकेक फटका जास्त लागूनही लँगर दोन फटक्यांनी जिंकले, म्हणजे तत्पूर्वी त्यांनी केवढी आघाडी कमावली होती हे ध्यानात घ्यावे.

पण या माणसाची कारकीर्द पन्नाशीपासून वाचायला घेतली तर ती नीट समजणार नाही. बव्हेरियातील ऑग्सबुर्गजवळच्या आनहाउझेन या गावी १९५७ मध्ये एका गवंड्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. लहान वयातच पैसे मिळवण्यासाठी ते कॅडी (खेळाडूंचे सामान वाहणारा मदतनीस) म्हणून मैदानावर जाऊ लागले आणि १९७२ मध्ये, पंधराव्या वर्षी, व्यावसायिक झाले. त्या काळच्या जर्मनीत गोल्फवर पोट भरेल असे कोणी मानत नव्हते. सक्तीच्या लष्करी सेवेत जड ओझे पाठीवर घेऊन केलेल्या कवायतींमुळे ऐन विशीच्या उंबरठ्यावर त्यांच्या पाठीला दुखापत झाली. आणि याहून मोठे संकट म्हणजे यिप्स.

अनिमेषराव, आपण खेळत नाही म्हणून थोडे सविस्तर सांगतो. यिप्स जडले की तीन-चार फुटांचा साधा पट मारताना मनगटाला अनावर झटका बसतो. दोनशे यार्डांवरून चेंडू ग्रीनवर (होलभोवतीच्या आखूड गवताच्या भागावर) अचूक उतरवणारा खेळाडू तिथून पुढे हतबल होतो. अनेकांची कारकीर्द यामुळे संपली. लँगर यांना हा विकार एकदाच नव्हे, वारंवार झाला आणि दरवेळी त्यांनी पट मारण्याची पद्धतच नव्याने उभारली. डावा हात खाली व उजवा वर अशी उलटी पकड त्यांनी घेतली. पुढे तर डावा हात दांड्यावर बराच खाली धरून, दांड्याचा वरचा भाग डाव्या कोपराखालच्या बाजूला टेकवून, उजव्या हाताने दांडा आणि डावा हात दोन्ही एकत्र आवळून धरण्याची पकड त्यांनी शोधली. त्यामुळे मनगट हलायला जागाच उरत नाही. दिसायला ती विचित्र होती, लोक उघडउघड बोलतही. पण १९९३ ची मास्टर्स ही गोल्फमधली प्रमुख स्पर्धा त्यांनी याच पकडीने चार फटक्यांनी जिंकली. १९८५ ची पहिली मास्टर्स धरून त्यांच्याकडे मास्टर्सच्या विजेत्याला मिळणारे दोन हिरवे कोट आहेत, आणि १९८६ मध्ये जागतिक क्रमवारी सुरू झाली तेव्हा पहिल्या क्रमांकावर त्यांचेच नाव होते.

१९९१ चा रायडर चषक, म्हणजे युरोप व अमेरिका यांच्यातली सांघिक लढत, इथे सांगायलाच हवा. कियावा बेटावर शेवटचा सामना, शेवटचा होल, समोर हेच हेल अर्विन. सहा फुटांचा पट आत गेला असता तर गुणसंख्या १४-१४ अशी बरोबरीत राहून चषक युरोपकडेच राहिला असता. चेंडू कडेने निसटला. एवढ्या माणसांच्या साक्षीने असा पट हुकल्यावर दुसऱ्या कोणी महिनाभर तोंड दाखवले नसते; लँगर पुढच्याच रविवारी स्टुटगार्टमध्ये जर्मन मास्टर्स जिंकून मोकळे झाले. जणू सोमवारी नेहमीप्रमाणे कामावर हजर व्हावे तसे. माझ्या मते पन्नाशीनंतरच्या सगळ्या विजयांचे मूळ याच स्वभावात आहे.

मनीषा_ठाणे

वरील प्रतिसाद अतिशय आवडला. एक शंका विचारते. लांब पटर (पट मारण्याचा दांडा) छातीला टेकवून मारण्यावर बंदी आली, तरी लँगर तोच लांब पटर वापरत राहिले, हे नियमाला धरून आहे का? याविषयी बरेच उलटसुलट वाचले आहे.

हिरवळ

मनीषाताई, शंका रास्त आहे. १ जानेवारी २०१६ पासून बंदी आली ती पटरचे टोक किंवा तो धरणारा हात शरीराला टेकवून फटका मारण्यावर. लांब पटरवर नव्हे. लँगर यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा पटर घेतला होता. बंदीनंतर त्यांनी निरनिराळे पर्याय चाचपून पाहिले आणि अखेर तोच पटर ठेवून वरचा हात छातीपासून किंचित दूर धरायला सुरुवात केली. सैल सदऱ्यामुळे हात टेकला आहे की नाही हे बाहेरून नीट कळत नसे, त्यामुळे २०१७ मध्ये त्यांच्यावर आणि याच दौऱ्यावरच्या स्कॉट मॅकॅरन यांच्यावर बोट ठेवले गेले. त्या वर्षी अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने दोघांकडून नियमभंग झाल्याचे दिसत नसल्याचे जाहीर केले. मलाही ते योग्य वाटते, कारण नियम हेतुपुरस्सर टेकवण्याविषयी आहे आणि या खेळात खेळाडूच्या शब्दाला प्रथम मान दिला जातो.

आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. बंदीमुळे ते संपतील असे अनेकांना वाटत होते, परंतु प्रत्यक्षात २०१७ या एका वर्षात त्यांनी तीन प्रमुख स्पर्धा जिंकल्या.

सदाशिव_कु

मी थोडा वेगळा मुद्दा मांडतो. दौरा खुला आहे का, हा या चर्चेतला अवघड प्रश्न आहे आणि इथे अनिमेष यांच्या स्नेह्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. बहुतेक जागा मुख्य दौऱ्यावर पूर्वी मिळवलेले विजय व कमाई पाहून दिल्या जातात. पात्रता स्पर्धेतून मोजक्याच जागा भरतात आणि प्रत्येक आठवड्याच्या सोमवारच्या पात्रता फेरीतून आणखी थोड्या. ज्याने तारुण्यात नाव कमावले नाही, त्याच्यासाठी दार किलकिलेच असते.

तरीही त्या फटीतून आत आलेला एक माणूस आहे, तो म्हणजे २०२४ मध्ये लँगर यांच्या मागे एका फटक्याने राहिलेला न्यूझीलंडचा स्टीव्हन अल्कर. त्याची जवळजवळ सगळी कारकीर्द दुय्यम दौऱ्यांवर गेली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तो सोमवारच्या पात्रता फेरीतून बोइंग क्लासिक स्पर्धेत शिरला आणि पहिल्या दहांत आला. पहिल्या दहांत येणाऱ्याला पुढच्या स्पर्धेत प्रवेश मिळतो, त्या नियमाच्या आधारे तो आठवड्यामागून आठवडा टिकून राहिला आणि त्याच वर्षी त्याने पहिली स्पर्धा जिंकली. २०२२ मध्ये सीनियर पीजीए स्पर्धा आणि संपूर्ण हंगामाचा चार्ल्स श्वाब चषकही त्याच्याकडे गेला. मला अल्करची ही वाटचाल लँगर यांच्याइतकीच मोलाची वाटते, कारण पन्नाशीत तो पूर्वपुण्याईवर नव्हे, तर दर आठवड्याला नव्याने परीक्षा देऊन उभा राहिला.

भारतीयांपुरते बोलायचे तर अर्जुन अटवाल यांनी २०१० मध्ये विंडहॅम चॅम्पियनशिप जिंकली, पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेच्या मुख्य दौऱ्यावर, जिंकणारे ते पहिले भारतीय. तेही पन्नाशीनंतर या ज्येष्ठांच्या दौऱ्यावर खेळले. २००६ ची व्होल्वो मास्टर्स जिंकणारे जीव मिल्खा सिंग हेही पन्नाशीनंतर ज्येष्ठांच्या स्पर्धांत उतरले. आशियात वा युरोपात कारकीर्द घडवलेल्या खेळाडूला अमेरिकेत पूर्ण प्रवेश मिळणे कठीण जाते. म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच जणांसाठी युरोपातला लेजंड्स टूर हाच जवळचा रस्ता आहे. पुण्याचे उदयन माने टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोहोचले, परंतु त्यांच्या पिढीला पन्नाशी गाठायला अजून बराच अवकाश आहे.

अनिमेष_वाचक

सर्वांचे मनापासून आभार. एकच उपप्रश्न विचारतो: २०२४ मध्ये त्यांना मोठी दुखापत झाली होती ना? तिच्यातून ते त्याच वर्षी कसे परतले?

जुना_कॅडी_मार्ग

हो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पिकलबॉल खेळताना त्यांच्या टाचेमागचा स्नायुबंध, ज्याला अकिलीस म्हणतात, तो तुटला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. त्या वर्षीची मास्टर्स ही त्यांची शेवटची ठरणार होती, ती हुकली. मे महिन्यात, म्हणजे दुखापतीनंतर अवघ्या तीन महिन्यांत, ते पुन्हा स्पर्धेत उतरले. इथे बग्गीची सवलत खरोखरच उपयोगी पडली, हे आपल्या स्नेह्यांना अवश्य सांगावे. चालता न येणाऱ्या खेळाडूला तिने मैदानावर आणले, मात्र फटका तर त्याच पायावर भार देऊन मारायचा होता. उन्हाळाभर पाय सुजत असे, तोल पूर्वीसारखा साधत नसे, फटक्यांची लांबीही घटली होती. सलग हंगामांची मालिका तुटणार असे वाटत असताना अगदी शेवटच्या स्पर्धेत तो फिनिक्सचा विजय आला.

मास्टर्सचा निरोप त्यांनी एप्रिल २०२५ मध्ये घेतला. मास्टर्स जिथे होते ते ऑगस्टाचे मैदान आता इतके लांब झाले आहे की तरुण खेळाडू जिथे छोट्या आयर्नने (कमी पल्ल्याच्या क्लबने) ग्रीन गाठतात तिथे त्यांना ‘वुड’ हा लांब पल्ल्याचा क्लब काढावा लागतो. तरीही दुसऱ्या दिवशी शेवटच्या होलपर्यंत ते कटच्या रेषेवर होते. तिथे एक फटका जास्त गेला आणि त्या एका फटक्यानेच पुढच्या दोन फेऱ्या हुकल्या. वय ६७, आणि सोबत मैदानात उतरलेले बरेचसे खेळाडू त्यांच्या मुलांच्या वयाचे. ज्येष्ठांच्या दौऱ्यावर दर आठवड्याला धार लावलेला खेळ नसता, तर हे त्यांना साधले असते असे मला वाटत नाही.