मदत हवी आहे: आईच्या खात्यातून अंगठ्यावर पैसे काढले, ओटीपी आलाच नाही

वैशाली_ज
कृपया लवकर सांगा. आईच्या खात्यातून आधी दहा हजार आणि परत दहा हजार गेलेत. ओटीपी नाही, कुणाचा फोन नाही, एटीएम कार्ड कपाटात आहे. बँकेत विचारलं तर म्हणे, "तुमच्याच अंगठ्यावर निघालेत, आम्ही काय करणार?" आई दोन दिवस नीट जेवलेली नाही. पैसे परत कसे मिळवायचे?

मुळाकाठ
सगळ्यात आधी एटीएमचा पिन बदला आणि मोबाइल फॉरमॅट मारा. एखादं ॲप बसलेलं असणार. माझ्या मेव्हण्याचं असंच झालं होतं.

बिनधास्त_बाबू
पिनचा आणि मोबाइलचा इथे काय संबंध? अंगठ्यावर निघालेत म्हणतायत त्या. वैशालीताई, पासबुकात नेमकं काय छापलंय? तारखा कोणत्या? मेसेज आला होता का?

वैशाली_ज
पासबुकात एईपीएस असं आहे. तारीख कशाला हवी? पैसे गेलेत ना.

बिनधास्त_बाबू
एईपीएस म्हणजे आधार क्रमांक आणि अंगठा वापरून खात्यातून पैसे काढणं. तारखेवरच सगळं अवलंबून आहे. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. चूक तुमचीही नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्यानेच फसवलं, तर बँकेकडून व्यवहार कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली की ग्राहकावर शून्य बोजा. चार ते सात दिवसांत केली तर मर्यादित. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. आणि ग्राहकच जबाबदार आहे हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, इथे नंतर लिहा.

वैशाली_ज
१९३० ला केला, तक्रार क्रमांक मिळाला. पैसे गुरुवारी आणि शुक्रवारी गेले. मेसेज भावाच्या जुन्या नंबरवर जातात, तो नंबर बंद आहे. सोमवारी पासबुक भरलं तेव्हा कळलं.

सेवाकेंद्र_चालक
मी स्वतः ग्राहक सेवा केंद्र चालवतो म्हणून सांगतो. ठशावरून सिलिकॉनचा नकली अंगठा करून पैसे काढतात वगैरे लोक उगाच धरून बसतात. आधारवाल्यांनी २०२३ च्या फेब्रुवारीपासून नवीन तपासणी आणली आहे. ठशातले बिंदू आणि ठशाचं चित्र दोन्ही बघून बोट जिवंत आहे का ते ठरवतात. बहुतेक वेळा घडतं ते साधं असतं. "आजी, ठसा उमटला नाही, परत लावा" म्हणायचं आणि दोनदा पैसे काढायचे. आमच्या धंद्याला काळिमा लावणारे असे लोक आहेत. एका व्यवहारात दहा हजारांपर्यंतच निघतात, म्हणून दहा-दहा. कोणत्या केंद्रात गेल्या होत्या?

तंत्रवेडा
"उगाच" कसं? २०१८ मध्ये तेलंगणात पेद्दपल्ली जिल्ह्यात एका सिमकार्ड विक्रेत्याने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरच्या जमिनीच्या दस्तांवरून ठसे उचलून रबरी अंगठे केले आणि त्यावर सिमकार्डं सुरू केली. २०२३ मध्ये कोलकात्यात एईपीएसच्या इतक्या तक्रारी आल्या की पोलिसांनीच लोकांना बायोमेट्रिक लॉक करायला, म्हणजे आधारवरचे ठसे कुणालाच वापरता येणार नाहीत असं करायला सांगितलं. जपानच्या मात्सुमोतो यांनी तर २००२ मध्येच जिलेटिनच्या बोटांनी यंत्रं फसवून दाखवली होती.

सेवाकेंद्र_चालक
तुम्ही सांगताय ती यंत्रं जुनी. आता ठसे घेणारी नवी, एल-१ दर्जाची उपकरणं आली आहेत.

तंत्रवेडा
एल-१ मुळे ठसा यंत्राच्या आतच कूटबद्ध होतो, म्हणजे वाटेत चोरता येत नाही. काचेवर ठेवलेलं बोट खरं की खोटं हा प्रश्न वेगळा आहे. दोन्ही एकच समजू नका.

वैशाली_ज
तुमचं भांडण नंतर. आई कोणत्याही केंद्रात जात नाही, पैसे भाऊ काढून देतो. गेल्या महिन्यात शेताचं खरेदीखत झालं, तेवढ्यापुरती बाहेर पडली होती.

तंत्रवेडा
हे आधी सांगायचं ना! दस्तावर अंगठे आणि आधारची झेरॉक्स दोन्ही असतात. खात्रीने काही म्हणता येणार नाही, पण पोलिसांना हे आवर्जून सांगा.

शिक्षिका_सांगली
यंत्रं फसवणं सगळीकडेच चालतं. ब्राझीलमध्ये २०१३ साली एक डॉक्टर सहकाऱ्यांची हजेरी सिलिकॉनच्या बोटांनी लावताना पकडल्या गेल्या. मला वाटतं शाळांमध्ये पुन्हा सहीचं हजेरीपुस्तक आणावं. नव्या शिक्षकांना तरी पटतंय का हे?

तात्या_परांडेकर
आमच्या वडिलांचा अंगठा रेशन दुकानात उमटतच नाही. आयुष्यभर कोयता आणि खुरपं. कुणी उपाय सांगेल का?

बिनधास्त_बाबू
तात्या, घरातल्या दुसऱ्या सदस्याचा अंगठा चालतो, शिधापत्रिकेवर नाव आणि आधार जोडलेलं हवं. पण वेगळा धागा काढा.

वैशालीताई, आत्ता पहिलं काम म्हणजे आईचं बायोमेट्रिक लॉक करा. एम-आधार ॲपमध्ये किंवा मायआधार पोर्टलवर होतं. आधारला जोडलेला नंबर चालू हवा, ओटीपी त्यावरच येतो.

वैशाली_ज
आधारला माझा नंबर आहे. पण लॉक केलं की लाडकी बहीणचे पैसे थांबतील ना? आई त्याच पैशांत औषधं आणते.

नर्मदा_के
थांबणार नाहीत. पैसे जमा व्हायला अंगठा लागत नाही, फक्त आधार खात्याशी जोडलेलं असावं लागतं. जिथे अंगठा, डोळे किंवा चेहरा दाखवायचा तिथेच अडतं. तेव्हा थोड्या वेळासाठी अनलॉक करता येतं. माझ्या सासूबाईंचं कायम लॉकच असतं. शिवाय त्या खात्यावरून एईपीएसने पैसे काढणंच बंद करा असा अर्ज बँकेत द्या.

तंत्रवेडा
मायआधारवर प्रमाणीकरणाचा इतिहास बघा. गेल्या सहा महिन्यांत आधार कधी, किती वाजता आणि कोणत्या संस्थेकडून वापरलं गेलं ते दिसतं.

वैशाली_ज
लॉक केलं. इतिहासात दोन्ही दिवसांच्या नोंदी दिसल्या, बायोमेट्रिक म्हणून. वेळ दुपारची. त्या वेळी आई घरी होती, शेजारच्या काकू सोबत होत्या. पण बँक लेखी तक्रार घ्यायलाच तयार नाही. "अंगठा जुळलाय" एवढंच.

निवृत्त_बँकर
अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का मारून पोच घ्या. शाखा घेत नसेल तर बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा, तारीख नोंदली जाते. तक्रार दिल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते आणि नव्वद दिवसांत निकाल द्यायचा असतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी त्यांचा क्रमांक १४४४८.

आणि एक गोष्ट नीट ऐका. अर्जात "हा अंगठा माझा नाही" असं लिहू नका. ठसा त्यांच्या नोंदीत जुळलेलाच आहे, तिथेच ते तुम्हाला अडवतील. "हा व्यवहार मी केलेला नाही, त्या वेळी मी घरी होते, सोबत अमुक होत्या" असं लिहा. इतिहासाची छापील प्रत आणि १९३० चा तक्रार क्रमांक जोडा. पैसे ज्या यंत्रावरून निघाले त्याचा टर्मिनल क्रमांक, केंद्रचालकाचा कोड आणि गाव लेखी मागा. जुन्या नंबरचंही लिहा, कारण मेसेज पोचलाच नाही तर तीन दिवस कधीपासून मोजायचे यावर ते वाद घालतील.

सेवाकेंद्र_चालक
टर्मिनल क्रमांक मिळाला की माझ्याशी बोला. कुठल्या कंपनीचं यंत्र आहे ते विचारून सांगतो.

मुळाकाठ
तरीपण पिन बदलाच.

वैशाली_ज
सगळं लिहून घेतलं. उद्या सकाळी भाऊ आईला घेऊन शाखेत जातोय, काकूही सोबत जायला तयार आहेत. पोच मिळाली की इथे कळवते.