शाळा आमच्या, टॅक्स आमचा, मग बोर्ड ऑस्टिनचं का?

बायूवरची
बरेच दिवस मनात होतं, आज लिहितेच. १ जून २०२३ ला टेक्सास राज्याने (म्हणजे राजधानी ऑस्टिनने) ह्यूस्टनचं स्कूल डिस्ट्रिक्ट ताब्यात घेतलं. भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते, इथे शाळा महापालिकेच्या नसतात, स्कूल डिस्ट्रिक्ट ही वेगळीच संस्था असते, तिचं बोर्ड आपण मत देऊन निवडतो आणि घराच्या टॅक्समधला मोठा वाटा तिलाच जातो. आमचं डिस्ट्रिक्ट राज्यात सगळ्यात मोठं, अडीचशेच्यावर शाळा. राज्याचे शिक्षण आयुक्त माइक मोराथ यांनी निवडून आलेल्या नऊ जणांना बाजूला बसवलं, स्वतःचे नऊ नेमले आणि माइक माइल्स यांना सुपरिंटेंडेंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचे प्रमुख, म्हणून आणलं. बोर्डाच्या सदस्यांच्या, म्हणजे ट्रस्टींच्या, निवडणुका अजून होतात, पण निवडून येऊन करायचं काय, हातात अधिकारच नाहीत. ताब्याची मुदत आता २०२७ पर्यंत वाढवलीय.

माझं म्हणणं एवढंच आहे की शाळा बिघडली तर सुधारा, पैसे द्या, माणसं द्या, पण आमचं मत काढून घेऊ नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये ४.४ बिलियन डॉलरचा बाँड, म्हणजे शाळांसाठी कर्ज काढायचा प्रस्ताव, मतदानाला आला. त्यात जुन्या शाळांचे एसी होते, पिण्याच्या पाण्यातल्या शिशाचं काम होतं, सगळी गरजेचीच कामं. मशीनसमोर मी बराच वेळ नुसती उभी होते. आजवर शाळेच्या पैशाला कधी नाही म्हटलं नव्हतं, त्या दिवशी म्हटलं, आणि बाहेर येऊन गाडीत रडले. बाँड पडला. ज्या बोर्डाला मी निवडलं नाही, जे मला घरी पाठवता येत नाही, त्याच्या हातात एवढा पैसा कसा देऊ सांगा.

मास्तरांचा_मुलगा
ताई, तुमचं दुःख कळतं, पण मला हे पटत नाही. सगळं सुरू कुठून झालं ते लिहा ना. ह्यूस्टनच्या फिफ्थ वॉर्डमधलं व्हीटली हायस्कूल, राज्य शाळांना ए ते एफ श्रेणी देतं त्यात २०१९ मध्ये सलग सातव्यांदा नापास. हायस्कूल चार वर्षांचं असतं, म्हणजे नववीला आलेली पोरं बारावी होऊन गेली, त्यांच्या मागची आली, तीही जवळजवळ संपत आली, आणि निवडून आलेलं बोर्ड या सगळ्या काळात जागेवर होतंच की. तेव्हा त्या आईबापांच्या मताचं काय झालं? शाळा वर्षानुवर्षं नापास राहिली तर डिस्ट्रिक्ट ताब्यात घ्यायची ही तरतूद २०१५ च्या कायद्यात घालणारे हॅरॉल्ड डटन ऑस्टिनहून आलेले कोणी नव्हते, ते त्याच भागाचे आमदार, त्याच शाळेत शिकलेले, आणि डेमोक्रॅट. स्वतःच्या शाळेची दशा बघून त्यांनी ते केलं.

मी शनिवारी एका चर्चच्या हॉलमध्ये मुलांना वाचायला शिकवतो. पाचवीतला एक मुलगा, हुशार, गणितात चटपटीत, पण पुस्तक उघडलं की ओळीवर बोट ठेवून पहिलं अक्षर वाचतो आणि पुढचा शब्द अंदाजाने ठोकून देतो. पाच वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. अशा मुलाला बोर्ड कोणी नेमलं याच्याशी काय देणंघेणं, त्याला वाचता आलं पाहिजे बस. २०२३ च्या निकालात डी आणि एफ मिळालेल्या १२१ शाळा होत्या, २०२५ मध्ये १८ आणि एफ एकही नाही. हे कुठेतरी मान्य करा.

बायूवरची
आकडा मान्य. पण व्हीटलीला २०२२ मध्ये सी मिळाला होता, म्हणजे राज्य यायच्या आधीच शाळा सावरली होती, तरी ताबा घेतलाच. ही तीच शाळा, जिथे अमेरिकन संसदेत गेलेल्या बार्बरा जॉर्डन शिकल्या. आणि माइल्स यांच्या 'न्यू एज्युकेशन सिस्टिम'मधल्या बऱ्याच शाळांत लायब्ररी बंद करून तिथे 'टीम सेंटर' केलं. प्रत्येक धड्यानंतर दहा मिनिटांची चाचणी, जमली की पोरं पुढच्या कामासाठी तिकडे. तुमच्या त्या मुलाला वाचनाची गोडी लावायची तर पुस्तकांची खोलीच नको का हो?

मास्तरांचा_मुलगा
लायब्ररीचं पटतं. ते चुकलंच.

फ्रिस्कोवाला
दोघंही पैशावर बोलतच नाहीये. राज्याकडून दर मुलामागे मिळणारी मूळ रक्कम २०१९ पासून ६१६० डॉलर होती. मधे महागाई कुठे गेली ते आपण किराणा आणताना बघतोच. २०२५ मध्ये ती वाढवली किती, ५५ डॉलर. त्याच अधिवेशनात खाजगी शाळांच्या फीसाठी १ बिलियनची योजना पास. शिवाय सरकारी शाळांना पैसे पटावर नाही तर हजेरीवर मिळतात, मूल तापाने घरी बसलं की शाळेचे पैसे कमी, पण बाई तीच, वर्ग तोच, बस तीच. गरीब भागात गैरहजेरी जास्त, म्हणजे तिथेच कात्री. आणि वर 'रिकॅप्चर' आहेच, ज्या डिस्ट्रिक्टकडे मालमत्ता जास्त त्यांच्या टॅक्समधला वाटा राज्य उचलतं. ह्यूस्टनमध्ये मुलं बहुतेक गरीब घरची, पण शहरात उंच इमारती आहेत म्हणून कागदावर श्रीमंत. २०१६ मध्ये लोकांनी मतदानात ते पैसे द्यायला नकार दिला होता, मग राज्याने हिशोब बदलला, रक्कम कमी केली आणि २०१७ ला हो म्हणाले.

आधी उपाशी ठेवायचं आणि मग अशक्त झालास म्हणून घराची किल्ली काढून घ्यायची, असं चाललंय. मग टेक्सासमधल्याच फोर्ट वर्थच्या डिस्ट्रिक्टचा नंबर लागला, ऑक्टोबर २०२५ मध्ये ताबा जाहीर केला.

मास्तरांचा_मुलगा
५५ डॉलर एवढंच सांगू नका, त्या कायद्यात एकूण साडेआठ बिलियन आहेत आणि बराचसा भाग शिक्षकांच्या पगाराला आहे, पाच वर्षं झालेल्या शिक्षकाला मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये ५००० ची वाढ. आणि रिकॅप्चर वाईट कसं? कोर्टात १९८९ साली एजवुडच्या गरीब डिस्ट्रिक्टने जिंकलेल्या केसनंतर ते आलं. ते नसतं तर ज्याच्या हद्दीत तेल त्याच्याच शाळेत पैसा.

फ्रिस्कोवाला
तत्त्व बरोबर आहे, पण पगाराला बांधलेला पैसा विजेच्या बिलाला चालत नाही.

वाईचे_मास्तर
मुलाकडे आलोय सहा महिन्यांसाठी, म्हणून लिहितो. मी जिल्हा परिषद शाळेत ३१ वर्षं काढली. आमच्याकडे पैसा आणि बदल्या सगळं वरूनच, गावाच्या हातात २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आली, तीन चतुर्थांश पालक. कागदावर फार छान. एका गावी छपराचे पत्रे उडाले, समितीने ठराव केला, वरून पैसे यायला दोन पावसाळे गेले, तोवर पहिली ते चौथी एका ओसरीत. शेवटी गावाने वर्गणी काढून पत्रे घातले. त्यानंतर मात्र बघा, बैठकीला बायका यायला लागल्या, मला जाब विचारायला लागल्या, मास्तर, माझी पोर अजून पाढे का म्हणत नाही. मला राग यायचा तेव्हा, खोटं कशाला बोलू. पण शाळा त्याच वर्षी सुधारली. जाब विचारणारं माणूस जवळ पाहिजे, ऑस्टिनात नको आणि मुंबईतही नको.

मास्तरांचा_मुलगा
काका, तुमच्या गावात बायका बैठकीला आल्या. माझ्या शनिवारच्या मुलाची आई दोन नोकऱ्या करते, तिला बोर्डाच्या मीटिंगला जायला वेळ नाही आणि तिला मतही नाही, कारण ती नागरिक नाही. तिच्या वतीने जाब कोण विचारणार? मला वाटलं राज्य विचारेल. अजून तसंच वाटतं, पण पुस्तकं काढायला नको होती.

बायूवरची
त्या आईला मत नाही हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, खरंच. मला मत मिळायला चौदा वर्षं लागली, त्या चौदा वर्षांत माझ्या मुलीची शाळा संपली होती. माझं म्हणणं बदललेलं नाही, बोर्ड निवडलेलंच हवं, २०२७ लाच हवं. शनिवारचा वर्ग कुठे असतो ते मला मेसेज करा, मराठी मुलांची जुनी इंग्रजी पुस्तकं माझ्याकडे दोन खोके आहेत.