मदत हवी आहे: सर्व्हरवरची प्रोसेस मारली की परत येते, उद्या गुणवत्ता यादी लावायची आहे

रात्रपाळी (धागाकर्ता)
तातडीची मदत हवी आहे. कॉलेजचं प्रवेशाचं पोर्टल दुपारपासून रखडलंय, एकेक पान उघडायला मिनिटभर लागतंय. टॉपमध्ये (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) केडेव्हटीएमपीएफएसआय नावाची प्रोसेस ३८० टक्के सीपीयू (दर कोअरचे १०० धरून) खातेय. किल मारली की थोड्या वेळात परत हजर. ऑथ लॉगमध्ये (लॉगिनच्या नोंदी) रूटच्या, म्हणजे मुख्य यूजरच्या, नावाने फसलेल्या लॉगिनच्या ओळीच्या ओळी, सगळे परदेशी आयपी. म्हणजे एसएसएचमधूनच (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायची सोय) कोणीतरी शिरलंय. हे आयपी एकगठ्ठा ब्लॉक कसे करायचे? यूएफडब्ल्यू (फायरवॉल) चालू आहे, फक्त पोर्ट २२ (एसएसएच), ८० आणि ४४३ (वेबसाइट) उघडे आहेत. उद्या सकाळी दहाला यादी लावायची आहे, प्राचार्यांचे फोनवर फोन येतायत. प्लीज लवकर सांगा.

लालमाती
फेल२बॅन टाका. पाच चुकीचे पासवर्ड झाले की आयपी आपोआप बंद. आणि एसएसएचचं पोर्ट २२ वरून हलवा. मी सगळ्या सर्व्हरांवर हेच करतो, लॉग एकदम स्वच्छ राहतो.

जुना_टर्मिनल
लालमाती, लॉग स्वच्छ होईल हो, पण आत शिरलेला बाहेर कसा जाईल? उघड्या पोर्ट २२ वर असे प्रयत्न जगातल्या प्रत्येक सर्व्हरवर दिवसरात्र चालू असतात. त्या ओळी म्हणजे घुसखोरीचा पुरावा नाही.
रात्रपाळी, त्या प्रोसेसबद्दल: केडेव्हटीएमपीएफएस ही कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, खरी प्रोसेस आहे. शेवटी आय लावलेली ती क्रिप्टो मायनर, म्हणजे तुमच्या सीपीयूवर चोरून आभासी चलन कमावणारी. तिला सांभाळणारी किन्सिंग नावाची दुसरी प्रोसेस असते, ती जिवंत असेपर्यंत किल मारून उपयोग नाही. आता हे सांगा: डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) कोणता? एसएसएचला पासवर्ड चालतो, का फक्त की (डिजिटल किल्ली)? ऑथ लॉगमध्ये ‘ॲक्सेप्टेड’च्या, म्हणजे यशस्वी लॉगिनच्या, ओळी कोणाच्या आहेत? टॉपमध्ये यूजरच्या रकान्यात काय दिसतं? क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) बघितलात का, सगळ्या यूजरांचे?

हिरवाकंदील
पोर्ट हलवण्याला उगाच नावं ठेवू नका. त्याने निम्मा कचरा कमी होतो.

जुना_टर्मिनल
कचरा कमी होतो हे मान्य. इथे रोग दुसरा आहे.

मुळामुठा
मी तर म्हणेन चांगला पेड अँटीव्हायरस घ्या आणि विंडोज सर्व्हरवर जा. आमच्या ऑफिसात असला त्रास कधीच झाला नाही. फुकटच्या सॉफ्टवेअरला वाली कोण?

रात्रपाळी
मुळामुठा, आज रात्री ओएस बदलू शकत नाही हो.
उबुंटू २०.०४, भाड्याचा व्हीपीएस (आभासी सर्व्हर). पासवर्ड लॉगिन बंद आहे, फक्त की. ॲक्सेप्टेडच्या सगळ्या ओळी माझ्याच आहेत. क्रॉनटॅब सगळे रिकामे. नेटवर वाचलं की ही फाईल टेम्प फोल्डरमध्ये असते, तिथे काहीच नाही! यूजर ‘सिस्टिमडी’ आणि पुढे अधिकचं चिन्ह. किन्सिंग पण दिसतेय, तिचा यूजरही तोच. दोन्ही मारल्या, परत आल्या. आता सांगा आयपी कसे ब्लॉक करू?

हिरवाकंदील
सिस्टिमडीच्या नावाने चालतेय म्हणजे पूर्ण सिस्टिम गेली. फॉरमॅट मारा, दुसरा इलाज नाही.

कोकणी_पॅकेट
थांबा, फॉरमॅटची घाई नको. रात्रपाळी, सर्व्हरवर डॉकर (प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळ्या बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारी सोय) आहे का?

रात्रपाळी
डॉकर आहेच की, अख्खं पोर्टल त्यावर चालतं. जँगो (पोर्टलचा कोड), पोस्टग्रेस (डेटाबेस), एनजिनएक्स (वेबसर्व्हर). त्याचा इथे काय संबंध?

कोकणी_पॅकेट
सगळा संबंध तिथेच आहे. पोस्टग्रेसच्या डेबियनवाल्या इमेजमध्ये (ज्या साच्यातून कंटेनर बनतो तो) पोस्टग्रेस यूजरचा नंबर ९९९ असतो. तुमच्या उबुंटूवर तोच नंबर सिस्टिमडी-कोअरडंप या यूजरला दिलेला आहे. टॉप बिचारा नंबरावरून नाव लावतो. म्हणून नाव सिस्टिमडीचं, प्रोसेस कंटेनरमधली. टेम्पमध्ये फाईल सापडत नाही तीही त्यामुळेच, ती कंटेनरच्या टेम्पमध्ये आहे. खात्री करायची तर प्रॉकखाली त्या पीआयडीच्या (प्रोसेसचा नंबर) फोल्डरातली सीग्रुप फाईल कॅट करून वाचा, डॉकर आणि पुढे लांबलचक आयडी दिसेल. कंपोज फाईलमध्ये (कंटेनरांची मांडणी लिहिलेली) डेटाबेसच्या पोर्ट्ससमोर काय लिहिलंय आणि पासवर्ड काय आहे (इथे लिहू नका, साधा आहे का एवढंच सांगा)?

रात्रपाळी
सीग्रुपमध्ये डॉकर दिसलं, आयडी डेटाबेसच्या कंटेनरचाच. पोर्ट्समध्ये ५४३२:५४३२ (आधी सर्व्हरचं पोर्ट, मग कंटेनरचं). फाईल ज्या डेव्हलपरने पोर्टल बनवून दिलं त्याची आहे. पासवर्ड अगदीच साधा, यूजरचंच नाव. पण यूएफडब्ल्यूमध्ये ५४३२ बंद आहे! आत्ता परत स्टेटस बघितलं.

कोकणी_पॅकेट
यूएफडब्ल्यूचे नियम इनपुट साखळीत बसतात, ती फक्त खुद्द सर्व्हरसाठी आलेलं पॅकेट तपासते. डॉकर पोर्ट पब्लिश करताना (बाहेरच्यांसाठी उघडताना) आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ फायरवॉलमध्ये, स्वतःचे नियम घालतो. आलेलं पॅकेट आधीच कंटेनरच्या पत्त्यावर वळवलं जातं आणि फॉरवर्ड साखळीतून आत जातं, इनपुटला ते भेटतच नाही. स्टेटस बंद म्हणतो आणि दार सताड उघडं! मोबाईलचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉपवरून एनमॅपने (उघडी पोर्ट शोधणारं साधन) ५४३२ तपासा.
एकदा पोस्टग्रेसचा सुपरयूजर (सगळे हक्क असलेला यूजर) हातात आला की ‘कॉपी फ्रॉम प्रोग्राम’ वापरून डेटाबेसमधूनच शेलची कमांड चालवता येते. ही सोय ९.३ आवृत्तीपासून आहे. तोच रस्ता वापरलाय. त्या कंटेनरचे डॉकर लॉग्ज वाचा, चुकीच्या पासवर्डांची रांग आणि कमांडचे अवशेष तिथे सापडतील.

रात्रपाळी
हॉटस्पॉटवरून उघडं दिसतंय. लॉगमध्ये पण आहे सगळं. काय करू आता, क्रमाने सांगा.

जुना_टर्मिनल
आधी व्हीपीएसचा स्नॅपशॉट (सर्व्हरची आहे तशी प्रत) घ्या, पुरावा पुसू नका. मग डेटाबेसचा डंप (सगळ्या डेटाची प्रत) घ्या. कंटेनर थांबवून काढून टाका, व्हॉल्यूमला (जिथे डेटा साठतो) हात लावू नका. कंपोजमधून पोर्ट्सची ओळच उडवा. जँगो त्याच नेटवर्कवर सर्व्हिसच्या नावाने पोस्टग्रेसशी बोलतो, त्याला पब्लिश केलेलं पोर्ट लागतच नाही. बाहेरून बघायचंच असेल तर पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहा, म्हणजे ते फक्त सर्व्हरच्या आतूनच उघडेल, आणि एसएसएच टनेलने जा.

हिरवाकंदील
मी अजूनही फॉरमॅटच म्हणेन. कंटेनर म्हणजे काही तिजोरी नव्हे.

कोकणी_पॅकेट
तुमचं तत्त्व बरोबर आहे, फक्त आजची रात्र चुकीची आहे. डॉकर इन्स्पेक्टमध्ये दोन गोष्टी बघा: प्रिव्हिलेज्ड फॉल्स आहे ना, आणि माउंट्समध्ये डॉकरचं सॉकेट नाही ना. प्रिव्हिलेज्ड ट्रू किंवा सॉकेट, यातलं एक जरी असेल तर हिरवाकंदील म्हणतात तेच, अख्खा सर्व्हर गेला समजा, कारण मग कंटेनरमधून बाहेर पडता येतं. दोन्ही नसतील तर आज यादी लावून घ्या आणि प्रवेश संपताच नव्या सर्व्हरवर जा. तसंही २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट २०२५ मध्ये संपला.

लालमाती
यूएफडब्ल्यू सोडा, डॉकर-यूजर साखळीत (डॉकरच्या पॅकेटांसाठीची) ड्रॉपचा, म्हणजे अडवायचा, नियम टाका. काम खतम.

कोकणी_पॅकेट
चालेल, पण तिथे पोहोचेपर्यंत पत्ता आणि पोर्ट बदललेलं असतं. कोणी १५४३२:५४३२ लिहिलं असेल आणि नियमात १५४३२ टाकलं, तर तो लागूच होत नाही. तिथे कंटेनरचं पोर्ट द्यावं लागतं. यापेक्षा पब्लिशच न करणं सोपं.

रात्रपाळी
प्रिव्हिलेज्ड फॉल्स, सॉकेट माउंट नाही. पोर्ट्सची ओळ काढली, कंपोजमध्ये नवा लांब पासवर्ड टाकला, कंटेनर नव्याने उभा केला. आता जँगो म्हणतो पासवर्ड चुकीचा! दोन्ही फाईलमध्ये एकच आहे, अक्षर न अक्षर जुळवलं. साइट पूर्ण बंद पडलीय.

जुना_टर्मिनल
घाबरू नका. कंपोजमधला पासवर्ड फक्त पहिल्यांदा, डेटा फोल्डर रिकामं असताना वापरला जातो. तुमच्या व्हॉल्यूममध्ये जुनाच आहे. कंटेनरमध्ये शिरून पीएसक्यूएल (पोस्टग्रेसची कमांड) उघडा आणि ऑल्टर यूजरने बदला. तिथेच असाल तर रोलची (डेटाबेसच्या यूजरांची) यादी काढा. ओळखीचा नसलेला सुपरयूजर दिसला तर आधी नाव आणि हक्क लिहून ठेवा, मग काढा. जँगोसाठी साधा, सुपरयूजर नसलेला रोल करा.

रात्रपाळी
साइट सुरू झाली. रोलच्या यादीत एक अनोळखी सुपरयूजर होता, नोंद करून काढला. सीपीयू ६ टक्क्यांवर आहे, हॉटस्पॉटवरून ५४३२ बंद. सगळ्यांचे मनापासून आभार. पण आता दुसरीच भीती वाटतेय. त्या डेटाबेसमध्ये मुलांचे मोबाईल नंबर, आधार क्रमांक, जातीच्या दाखल्यांचे तपशील आहेत. मायनर टाकणाऱ्याने ते नेले असतील का?

कोकणी_पॅकेट
सुपरयूजर होता म्हणजे सगळं वाचता येत होतं, त्यामुळे नेलं नाही असं कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. व्हीपीएसच्या पॅनेलवर बाहेर गेलेल्या ट्रॅफिकचा आलेख असेल तर बघा, डेटाबेसच्या आकाराएवढी मोठी उडी कुठे दिसते का. जँगोची सीक्रेट की, ईमेलचे आणि पेमेंट गेटवेचे पासवर्ड आजच बदला. अपलोड केलेल्या दाखल्यांचं फोल्डर डेटाबेसच्या कंटेनरला माउंट (जोडलेलं) नसेल तर ते यातून सुटलं.

जुना_टर्मिनल
आणि प्राचार्यांना तोंडी नको, लेखी कळवा, आजच्या तारखेने. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. कॉलेजने कळवायचं कसं ते व्यवस्थापन बघेल, पण घड्याळ तुम्हाला कळलं तेव्हापासून चालू झालंय. स्नॅपशॉट आणि त्यातले डॉकर लॉग्ज दुसरीकडे कॉपी करून ठेवा, नवा सर्व्हर घेतल्यावर जुना लगेच डिलीट करू नका.

रात्रपाळी
पत्र लिहायला घेतलंय. स्नॅपशॉट ठेवला आहे.