मुलींमधला अ‍ॅनिमिया ५४ वरून ५९ टक्के: आधी रक्त कसं घेतलं ते पाहा
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीदरम्यान १५ ते १९ वयाच्या मुलींमधला अ‍ॅनिमिया (रक्तात हिमोग्लोबिन कमी असणं) ५४ वरून ५९ टक्के झाला, म्हणून लोहाच्या गोळ्यांचा कार्यक्रम फसला, असं म्हटलं जातं. मला हे घाईचं वाटतं. या सर्वेक्षणात रक्त बोट टोचून घेतलेलं. थेंब नीट येईना म्हणून बोट दाबलं, की पेशींबाहेरचं पाणी मिसळून हिमोग्लोबिन कमी दिसू शकतं. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतलं होतं. तिथे १० ते १९ वयाच्या मुलींत आकडा ४० टक्के. वयोगट वेगळा, मान्य, पण एवढी तफावत नुसत्या वयाने येईल? शिवाय कुटुंब सर्वेक्षणाच्या या दोन फेऱ्यांत १० ते १४ची मुलं तपासलीच गेली नाहीत आणि मुलग्यांची तपासणी निवडक घरांतच झाली, म्हणजे एकेका जिल्ह्यात त्यांची संख्या अपुरी. त्यामुळे जिल्हावार आकडे मांडताना मुलग्यांना त्यात ओढू नका.